मुका लॅपटॉप आणि अडलेला तिसरा अंक

साकोलीच्या बसस्थानकाकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला लहान दुकानांची एक रांग आहे, त्यातलं चौथं दुकान माझं. नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं आणि मग विचारतं, "भाऊ कुठं गेले?" मी सांगते, भाऊ नाहीत. "मंग कवा येतीन?" भाऊ कधीच येणार नाहीत, दुकान माझं आहे, लॅपटॉप ठेवा आणि काय झालं ते सांगा. एवढं ऐकल्यावर लॅपटॉप टेबलावर येतो, पण पिशवीचा बंद काही हातातून सुटत नाही. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललंय. पूर्वी मला राग यायचा. आता पिशवीचा बंद सुटेपर्यंत मी गप्प बसते.

दुरुस्तीवाल्यांना सगळं कळतं, असा एक गैरसमज आहे आणि तो आम्हीच मोठ्या कष्टानं जपलेला आहे. लॅपटॉप उघडायचा, "हूं" म्हणायचं, स्क्रू-ड्रायव्हर कानामागे खोचायचा आणि उद्या या म्हणून सांगायचं. त्या "हूं"चा अर्थ बहुतेक वेळा "मला काडीचं समजलेलं नाही" एवढाच असतो. आज लिहायला बसलेच आहे तर हे कबूल करून टाकते.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात छळवादी तक्रार म्हणजे "सापडत नाही". कॅमेरा जागेवर आहे, पण यंत्र म्हणतं की मला कॅमेराच नाही. वायफायचं कार्ड आत घट्ट बसलेलं आहे, पण यंत्र म्हणतं कसलं कार्ड? तुटलेली वस्तू निदान तुटलेली दिसते. इथे वस्तू धडधाकट समोर असते आणि यंत्र तिला ओळखच दाखवत नाही. अशा वेळी वेडं कोण, यंत्र की मी, हे ठरवण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत.

शहापूरच्या एका ढाबेवाल्याचा लॅपटॉप आला होता. कॅमेरा सापडत नाही, मुलीच्या सासरच्यांशी बोलता येत नाही. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. ड्रायव्हर म्हणजे एका एका वस्तूशी कसं बोलायचं ते यंत्राला शिकवणारा मजकूर. तो दोनदा टाकला, सिस्टीम नव्यानं भरली, पडदा काळाच्या काळा. संध्याकाळी चष्मा पुसून घातला तेव्हा कॅमेऱ्याच्या भिंगावर एक बारीक काळी टिकली चिकटवलेली दिसली. या डोळ्यातून लोक घरात बघतात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याच्या बायकोनंच ती लावली होती. पुढे एका राइस मिलच्या मुनीमजींचा संगणक आला, माउस सापडत नाही म्हणून. डबा उघडला तर आत कोंड्याचं मऊ घरटं आणि त्यात उंदराची चार पिल्लं. माउस जोडायच्या भोकाची आतली तार त्यांच्या आईनं कुरतडून ठेवली होती.

अशा दहा-पंधरा गोष्टी झाल्यावर माझं एक मत पक्कं झालं, की दोष यंत्रात कमी आणि माणसांत जास्त. आधी माणसाला विचारा, घरात काय केलं ते काढून घ्या, मग यंत्राला हात लावा. हे मत मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवत असे. वासुदेवभाऊंचा लॅपटॉप येईपर्यंत.

वासुदेवभाऊ अड्याळचे. घरचा धंदा विणकामाचा, पण गावोगावी ओळख नाटकवाला म्हणून. दिवाळीनंतर आमच्याकडे गावागावांत मंडई भरते आणि मंडईला नाटक झालंच पाहिजे. पाहुण्यांना बोलावणं असतं तेही नाटकाचं, जेवण त्याच्यासोबत. त्या हंगामासाठी दरवर्षी नवी नाटकं लागतात आणि वासुदेवभाऊंचं एक तरी नाटक त्यात असायचंच. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. माग थांबला. नाटक थांबू नये म्हणून ते शेजारच्या एका निवृत्त मास्तरांना सांगून लिहून घेऊ लागले. मास्तर सज्जन माणूस, पण प्रत्येक वाक्य शुद्ध करायचे.

"माहा गाडीवान बैलाले म्हणते, 'हे वृषभा, त्वरा कर,'" वासुदेवभाऊ मला सांगत होते. "परयोगात लोकं हसले. गंभीर परवेश होता, ताई."

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे हा लॅपटॉप आला. त्यात मोफत मिळणारी, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली एक सिस्टीम होती आणि पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आवाज. कळ दाबली की तो अक्षर बोलतो, ओळ संपली की ओळ वाचतो. वासुदेवभाऊ टायपिंग शिकले. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या नाटकात त्यांचेच शब्द राहिले. ज्याला डोळे नाहीत त्याच्या लॅपटॉपमधून आवाज गेला तर काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको. आपला नुसता मुका होतो, त्यांचा मुका आणि आंधळा दोन्ही.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी ते दुकानात आले. सोबत त्यांची बायको शेवंताबाई, एका हातात त्यांचा हात आणि दुसऱ्या हातात पिशवी. शेवंताबाईंनी मला भाऊ कुठे गेले असं विचारलं नाही, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला त्या मला आवडल्या. त्यांची बहीण साकोलीतच दिलेली, तिच्याकडे दोघं मुक्कामाला आले होते, कारण नाटक बसवणाऱ्या मंडळाची तालीम इथेच चालायची. रविवारी तिसऱ्या अंकाचं वाचन होतं. पहिले दोन अंक नटांच्या हातात गेले होते. तिसरा अर्धा लिहून अडला होता आणि व्यवस्थापकानं सांगितलं होतं की रविवारी अंक नसेल तर यंदा दुसऱ्या लेखकाचं नाटक घेऊ.

"काय झालं होतं, सुरुवातीपासून सांगा," मी म्हटलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बोलला, अपडेट आलं हाय, घ्यायचं का," वासुदेवभाऊ म्हणाले. "मी हो म्हटलं. मंग त्यानं नवीन पासवर्ड मागतला, तो देल्ला. मंग म्हणाला, बंद करून चालू करा. केला. तवापासून बोलूनच नाई राहिला."

आता थोडं धंद्यातलं सांगते. सिस्टीमच्या पोटात कर्नल नावाचा एक भाग असतो. गावात कोतवाल असतो ना, तसाच समजा. कोणत्या घरात कोण राहतं, कोणाला कोणता निरोप पोचवायचा, हे त्याला माहीत. अपडेट होतं तेव्हा पुष्कळदा हा कोतवाल बदलतो. नवा कोतवाल हुशार असतो, पण एखाद्या घरातल्या माणसाला तो ओळखत नाही आणि वर कळवून टाकतो की ते घर रिकामं आहे. म्हणून अपडेटनंतर वस्तू हरवली की पहिला संशय नव्या कर्नलवर आणि पहिला उपाय म्हणजे जुन्या कर्नलवर परत जाणं. यंत्र सुरू होताना एका यादीत जुना कर्नल राखून ठेवलेला असतो.

मी आत्मविश्वासानं जुना कर्नल निवडला. यंत्र सुरू झालं. मुकं.

इथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. नवा कोतवाल चुकत असेल तर जुन्यानं ओळखायला हवं होतं. मग मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. टाकताना त्यानं इंग्रजीत काहीबाही विचारलं, पासवर्ड मागितला, मी हो-हो करत गेले. पुन्हा सुरू करताना एक निळा पडदा आला, मी सवयीनं एंटर मारला, तो गेला. मुकं. पेनड्राइव्हवर माझ्याकडे अगदी वेगळी, ताजी सिस्टीम होती, तिच्यावरून यंत्र चालवलं. मुकं. ड्रॉवरमध्ये बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड होतं. ते लावलं की आतल्या कार्डाची गरजच उरत नाही, आवाज थेट त्यातून येतो. तेही मुकं.

चार वाटांनी गेले आणि चारही वाटांनी त्याच भिंतीवर आपटले. आवाजाची यादी उघडली की तिथे एकच ओळ, आवाजाचं साधन उपलब्ध नाही. वासुदेवभाऊ स्टुलावर बसून कान देऊन होते. दर वेळी यंत्र सुरू झालं की ते किंचित पुढे झुकायचे, थांबायचे, मग मागे सरायचे. मला त्यांच्याकडे बघवेना.

सिस्टीम कोणतीही असो, आवाज येत नाही, म्हणजे वस्तूच मेलेली, असा मी निष्कर्ष काढला आणि लॅपटॉपचं पोट उघडलं. टॉर्च मारली. हेडफोनच्या भोकात काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमट्यानं ओढून काढलं तर तांदळाचा दाणा. हळदीनं पिवळा, कुंकवानं लाल. कळफलकाच्या फटीतून आणखी तीन निघाले.

त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते.

"हे बघा," मी चिमटा वर धरून म्हटलं. "सापडलं. अक्षता. ह्याची पूजा कोणी केली?"

"मी केली," शेवंताबाई म्हणाल्या. "दसऱ्याले हत्याराची पूजा करते ना आमी."

"अहो बाई, हे यंत्र आहे, देव्हारा नाही. या भोकात काही अडकलं की यंत्राला वाटतं हेडफोन लावलाय, म्हणून ते स्पीकर बंद करतं. वर ओली हळद, ओलं कुंकू. आत जाऊन कार्ड जळलं असेल. भाऊंचं वर्षाचं काम गेलं एका मूठभर तांदळापायी."

सगळंच बोलले मी, एकही वाक्य गिळलं नाही. टिकली झाली, उंदीर झाले, आता अक्षता. माझं मत पुन्हा एकदा खरं ठरलं होतं ना! हेडफोनचा घोळ असता तर यादीत साधन दिसलं असतं, फक्त बंद दिसलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कारण सापडल्याच्या आनंदात माहीत असलेलं आठवत नाही.

शेवंताबाईंनी माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं. मग पदर सावरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. वासुदेवभाऊंचं तोंड बाकाच्या दिशेनं वळलं.

शुक्रवारी मी भोक स्पिरिटनं धुतलं, वाळवलं, जोडणी तपासली. कार्डावर जळल्याची खूण नाही. यंत्र मुकंच. तरीही मी हट्ट सोडला नाही. दिसत नसलं तरी आतून गेलं असणार, नागपूरहून भाग मागवावा लागेल, चार-पाच दिवस लागतील, असं मी त्यांना सांगितलं.

"रविवारी कसं होईन मंग?" शेवंताबाईंनी नवऱ्याला विचारलं. "माह्यानं झालं हे. तुमी सांगा, मी लिवतो. सातवी शिकली हावो मी. मास्तरासारखं सुधरवनार नाई, जसं सांगसाल तसंच लिवीन."

"तुले नाई सांगता येत," वासुदेवभाऊ म्हणाले.

"काहून?"

"नाई येत म्हटलं ना."

"मंग ताईले सांगा. ताई लिवतीन."

"कोनालेच नाई सांगता येत तो परवेश."

शेवंताबाईंचा चेहरा पडला. पूजेचा राग ते असा काढताहेत असं त्यांना वाटलं हे मला स्पष्ट दिसलं, आणि मलाही तसंच वाटलं. मनात म्हटलं, काय हेकट माणूस आहे. बायको लिहायला तयार, मी तयार, रविवार डोक्यावर, आणि याला मशीनच पाहिजे. आधीचं लिहिलेलं तरी छापून देऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्या फाइलीले हात लावू नका." मी खांदे उडवले. त्यांना ते दिसलं नाही, शेवंताबाईंना दिसलं.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं. एका शिक्षिकेचा संगणक सुरू करून बघत होते, त्याला आवाज तपासायला तेच ड्रॉवरमधलं छोटं साउंड कार्ड लावलं. मुकं. दुसऱ्या संगणकाला लावलं. मुकं. माझ्या स्वतःच्या, रोज गाणी वाजवणाऱ्या संगणकाला लावलं. मुकं.

मी खुर्चीत बसले. ते कार्ड केव्हाचं मेलेलं होतं. कोणीतरी खराब म्हणून परत केलेलं मी ड्रॉवरमध्ये टाकलं होतं आणि विसरले होते. ज्या मापानं मी दुसऱ्याचं खोटं ठरवत होते ते मापच खोटं होतं. मग गुरुवारची एक भिंत तर पडली. बाकीच्या तीन तरी खऱ्या होत्या का? पेनड्राइव्हवरच्या सिस्टीममध्ये या लॅपटॉपचा ड्रायव्हर आहे का, हे मी बघितलं होतं का? बघितलं. नव्हता. या कार्डाचा ड्रायव्हर सिस्टीमसोबत येतच नाही, बाहेरून आणून बसवावा लागतो. म्हणजे तिथे मुकं असणारच होतं. दोन भिंती पडल्या. वस्तू मेली आहे याचा माझ्याकडे आता एकच पुरावा उरला होता, चार दाणे तांदूळ.

आणि तरीही जुना कर्नल मुका का, हे काही केल्या सुटेना. दुपारी दोघं आले तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं, की मला कळत नाहीये. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला हे वाक्य मी पहिल्यांदाच सांगितलं असेल. वासुदेवभाऊ म्हणाले, "बरं झालं सांगतलं. मले वाटलं, मलेच कळून नाई राहिलं." नव्या साउंड कार्डासाठी नागपूरहून संध्याकाळी येणाऱ्या एका ओळखीच्याला मी फोन केला होताच. तोवर हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून ड्रायव्हर पुन्हा काढला, पुन्हा टाकला, विचारलं त्याला हो म्हटलं, पासवर्ड दिला, यंत्र बंद करून सुरू केलं आणि बाहेर एक गिऱ्हाईक चार्जर मागत होतं त्याच्याकडे गेले.

"ताई," आतून शेवंताबाईंची हाक आली. "ते निळं आलं फुन."

"येऊ द्या," मी चार्जर शोधत म्हटलं. मग थांबले. "पुन्हा म्हणजे? आधी कुठं बघितलं तुम्ही?"

"घरी. ज्या दिवशी मुका झाला ना, त्या दिवशी. त्यायले तर दिसे नाई, मी बाजूले उभी होती. निळं निळं झालं अन् खाली आकडे उतरून राहिले होते, दहा, नऊ, आठ. मी समजली आपोआप चालू होऊन राहिलं. मंग गेलं ते."

मी चार्जर हातात तसाच घेऊन आत आले. निळ्या पडद्यावर आकडा चार होता. मी कळ दाबली. आकडे थांबले. आणि गुरुवारी जे मी वाचलं नव्हतं ते पहिल्यांदा वाचलं.

कोतवालाचीच गोष्ट पुढे नेते. बाहेरून आलेल्या माणसाला गावात ठेवायचं तर नुसती कोतवालाची ओळख पुरत नाही, त्याच्या कागदावर शिक्का लागतो. या लॅपटॉपचा आवाजाचा ड्रायव्हर बाहेरचा. अपडेटच्या वेळी त्याचा जुना शिक्का रद्द झाला, नवा तयार झाला आणि जुना-नवा दोन्ही कर्नलसाठी तोच लागू झाला. म्हणून जुनाही मुका. हा नवा शिक्का खरा धरायचा का, हे यंत्र कोणालाही परस्पर ठरवू देत नाही. समोर बसलेल्या मालकाला विचारतं, निळ्या पडद्यावर, सिस्टीम सुरू होण्याच्या आधी. म्हणजे वाचून दाखवणारा आवाज जागा होण्याच्याही आधी. दहा सेकंद वाट बघतं. उत्तर आलं नाही तर नाही असं समजून पुढे जातं आणि पुन्हा विचारत नाही.

त्या आंधळ्या माणसाला यंत्रानं प्रश्न विचारला होता, त्याला न दिसणाऱ्या अक्षरांत. त्यांनी पासवर्डही ठरवून ठेवला होता, फक्त तो द्यायची वेळ आली हे त्यांना कळलं नाही. आणि मला डोळे असून मी त्याच प्रश्नावर न वाचता एंटर मारला होता. वरचा पर्याय होता, "तसंच पुढे जा."

मी खालचा पर्याय निवडला. हो म्हटलं, पासवर्ड दिला. यंत्र बंद होऊन सुरू झालं. वासुदेवभाऊ पुढे झुकले.

एक बारीक घंटी वाजली. मग तो सपाट, ना बाईचा ना पुरुषाचा आवाज म्हणाला, "स्वागत आहे."

वासुदेवभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेवंताबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. दोन दिवसांचं ओझं उतरून मला इतकं हलकं वाटलं की मी लागलीच, कोणालाही न विचारता, आवाज नीट चालतो का बघायला शेवटची उघडलेली फाइल उघडली. हाताची सवय. त्याच हाताची.

"ताई, नोको," वासुदेवभाऊ म्हणाले. पण आवाज सुरू झाला होता.

"अंक तिसरा. प्रवेश दुसरा. शंकर, कंसात, आंधळा, खाटेवर बसून. गिरजा, तुले वाटते मले मालूम नाही. पयले दसऱ्याचा नारळ मागाच्या खोलीत फुटे. दोन वर्षं झाली, तो माह्या टेबलापाशी फुटते."

शेवंताबाईंचं हसू थांबलं.

वाचणं थांबवायची कळ वासुदेवभाऊंना पाठ होती. त्यांचा हात कळफलकावर गेला, बोट बरोबर त्या कळीवर टेकलं. मी बघत होते. बोट तिथेच राहिलं. त्यांनी दाबलं नाही.

"डोळे गेले तवा मी शपथ घेतली, त्या खोलीत पाय नाही ठेवीन. म्हणून तुले वाटलं, तिथं माग हाय का नाही, मले कसं कळन. पण पाऊस आला का ती खोली आता वेगळी वाजते. रिकामी. तू म्हणाली, मशीन नागपूरच्या संस्थेनं देल्ली. मी हो म्हटलं. तू माग विकला, गिरजा. मी विचारलं नाही. विचारलं असतं त तुले अजून एकदा खोटं बोला लागलं असतं. गिरजा, दोन टिंबं. रिकामी ओळ. फाइल समाप्त."

तो प्रवेश कोणालाही सांगता का येत नव्हता हे मला तेव्हा कळलं. आणि तो तिथेच का अडला होता तेही. गिरजा काय म्हणेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवंताबाई उभ्या होत्या. रडतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तुमाले मालूम होतं, अन् तुमी दोन वर्सं मले त्या मशीनीपुढं नारळ फोडू देल्ला? मी त्या खोलीले कुलूप घातलं. किल्ली कमरेले बांधून फिरून राहिली. झोपतो तवा पन काढत नाई. रिकाम्या खोलीची किल्ली! अन् तुमाले मालूम होतं. मंग सांगाले काय झालं होतं तुमाले?"

वासुदेवभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांची बोटं कळफलकावर सरकली.

"हळू बोल," ते म्हणाले. "लिवून राहिलो."

आणि टाइप करू लागले. प्रत्येक शब्दामागे तो सपाट आवाज तो शब्द म्हणायचा. मालूम. होतं. तुमाले. मालूम. होतं. शेवंताबाई तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. ओळ संपल्यावर यंत्रानं ती पूर्ण वाचून दाखवली. शेवंताबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, कमरेची किल्ली सोडली आणि कळफलकाच्या शेजारी ठेवली.

"'झोपतो तवा पन काढत नाई' हे सुटलं," त्या म्हणाल्या. "ते घाला."

त्यांनी घातलं.

मी बाहेर जाऊन ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला चार्जर दिला आणि बाकावर बसून राहिले, परवा जिथे त्या बसल्या होत्या तिथेच. तासाभरानं दोघं बाहेर आले. मी शेवंताबाईंचा हात धरला आणि म्हटलं, अक्षतांचं मी उगाच बोलले, तुमची काही चूक नव्हती, आणि तो निळा पडदा तुम्ही सांगितला नसता तर मला आयुष्यात सापडला नसता. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, तुमाले पन दिसलं नाई, त्यायले पन दिसलं नाई." मग दोन पावलं जाऊन मागे वळल्या. "पुढच्या दसऱ्याले करू ना मंग पूजा मशीनीची?"

करा म्हटलं. भोकांवर कागदाची पट्टी लावून द्यायचं मी कबूल केलं.

रविवारी तिसरा अंक वाचला गेला. मंडईतल्या प्रयोगाला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं, पहिल्या रांगेत शेवंताबाईंच्या शेजारी बसवलं. गिरजाचं ते बोलणं आलं तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेवंताबाई नाही रडल्या. त्या ओठ हलवत, नटीच्या सोबतीनं एक एक शब्द तपासत होत्या, आणि शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बराबर बोलली. एक बी शब्द नाई सोडला."